एका अक्षरचिन्हाचे तीन उच्चार : जपानमधील चिनी प्रभावाचे स्तर

एका देशाच्या संस्कृतीवर दुसऱ्या देशाचा 'प्रभाव' पडला, असे विधान इतिहासग्रंथांत वारंवार आढळते. देणारा सक्रिय आणि घेणारा निष्क्रिय, हे त्यात गृहीत धरलेले असते. जपानवरील चिनी प्रभावाच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः भाषिक पुराव्याच्या आधारे करावयाचा आहे.

चिनी आणि जपानी या एका कुळातील भाषा नव्हेत. चिनीत शब्दाला विकार होत नाही. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते व त्यास प्रत्यय लागतात. अशा भाषेने चिनी लिपी स्वीकारली तेव्हा चिन्हांबरोबर त्यांचे चिनी उच्चारही आले. आणि ते एकदाच नव्हे, तर निरनिराळ्या काळी आले. 'चालणे, आचरणे' या अर्थाचे एकच चिन्ह उदाहरणादाखल घेऊ. 'शुग्यो' (धार्मिक साधना) या शब्दात त्याचा उच्चार 'ग्यो' होतो, 'कोको' (मातापित्यांची सेवा) या शब्दाच्या उत्तरपदात 'को' होतो, तर 'आन्दोन' (कागदी आवरणाचा दिवा) या शब्दात 'आन' होतो.

'ग्यो' हा 'गो-ओन' नावाच्या सर्वांत जुन्या थरातील उच्चार होय. हा थर पाचव्या-सहाव्या शतकांत, बव्हंशी कोरियाच्या मार्गे आला. बौद्ध परिभाषा प्रायः त्यातच आढळते. 'को' हा 'कान-ओन' थरातील. ६३० ते ८३८ या काळात जपानी दरबाराने थांग राजवटीकडे शिष्टमंडळे पाठविली. त्यांच्यासह गेलेल्या विद्यार्थ्यांनी राजधानी छांगआन येथील शिष्ट उच्चार आणले आणि कन्फ्यूशियसप्रणीत नीतिशास्त्राचे अध्ययन त्यांत होऊ लागले. 'आन' हा 'तो-ओन' थरातील. तो पुढे झेन भिक्षू व व्यापारी यांच्याबरोबर आला. या थरातील शब्दसंग्रह लहान, परंतु बोलका आहे : 'फुतोन' (अंथरूण), 'इसु' (खुर्ची), 'मान्जू' (सारण भरून वाफवलेला पदार्थ), 'नोरेन' (दारावरील पडदा). पहिला थर मठात रुजला, दुसरा पाठशाळेत, तिसरा घरात शिरला.

येथे महत्त्वाची गोष्ट ही की, नव्या थराने जुना पुसला नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस दरबाराने कान-ओन उच्चारांचा आग्रह धरला. तरीही मठांतील सूत्रपठण बहुतांशी जुन्याच उच्चारांत चालू राहिले. चीनमध्ये बोली बदलत गेल्या. जपानने मात्र प्रत्येक काळाची नोंद आपल्या परीने जपली.

हीच वृत्ती अन्य क्षेत्रांतही दिसते. नारा (७१०) व क्योतो (७९४) या राजधान्यांची आखणी छांगआनच्या नमुन्यावर चौकटबंद झाली, पण नगराला पूर्ण वेढणारा तट काही उचलला गेला नाही. ११९१ मध्ये चीनहून परतलेल्या एइसाई या भिक्षूने चहाच्या प्रसारास चालना दिली. चहाची पूड घुसळून पिण्याची सोंगकालीन रीत पुढे चीनमध्ये मागे पडली. जपानमध्ये ती टिकली, आणि सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने तिला साधेपणाचा विधी बनविले. त्यासाठी त्याने मौल्यवान चिनी पात्रांऐवजी हाताने घडविलेली साधी देशी पात्रे पसंत केली. मूछी या चिनी भिक्षूची शाईचित्रे चौदाव्या शतकातील चिनी समीक्षेने ओबडधोबड ठरविली. जपानी मठांनी ती आदर्श मानली. क्वानयिन, सारस व वानर ही त्याची प्रसिद्ध चित्रत्रयी क्योतोच्या दाइतोकुजी मठाकडे आहे.

लिपीच्या बाबतीत तर घेणाऱ्याने नवनिर्मितीच केली. चिनी चिन्हांची शीघ्रलिखित रूपे व त्यांचे तुकडे यांतून 'काना' ही अवयवलिपी घडली. तिचा 'आ, इ, उ...' व 'का, सा, ता, ना...' हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून, म्हणजे संस्कृत वर्णमालेच्या आधारे, आला. देवनागरी वाचणाऱ्यास त्यात आपल्या वर्णक्रमाची ओळख पटते. मुरासाकी शिकिबूची 'गेन्जी' कथा अकराव्या शतकाच्या आरंभी याच लिपीत अवतरली.

एकोणिसाव्या शतकात हा प्रवाह उलटला. पाश्चात्त्य 'तत्त्वज्ञान' या संकल्पनेसाठी निशी आमाने याने चिनी चिन्हांतून 'तेत्सुगाकू' हा शब्द घडविला, आणि तोच पुढे चिनी भाषेने स्वीकारला. ज्याने सामग्री घेतली त्यानेच ती घडवून मूळ स्वामीस परत दिली. अशा व्यवहारास केवळ 'प्रभाव' म्हणणे अपुरे आहे. 'स्वीकार' हाच शब्द त्यास अधिक न्याय देतो.