वणीच्या वाटेवरचे वाजंत्री: संबळापासून बँजोपर्यंत

सप्तशृंगगडावरील सप्तशृंगी देवीच्या यात्रेतील संगीत हे एका जातीचे, एका जमातीचे किंवा एका काळाचे संगीत नाही. गड कळवण तालुक्यात, पायथ्याचे नांदुरी गावही त्याच तालुक्यात, आणि वणी हे बाजाराचे गाव दिंडोरी तालुक्यात. तरी धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगाव या भागांतील भाविक ‘वणीला चाललो’ असेच म्हणतात. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत हजारो माणसे तिकडून पायी येतात आणि त्यांच्याबरोबर वाजवणारेही येतात. गोंधळी संबळ घेऊन येतो, डोंगरातला कोकणा पावरी घेऊन उतरतो, कसब्यातली बँड पार्टी पितळी वाद्ये आणते आणि अलीकडच्या गाड्यांवर बँजो, तुंबा, ऑक्टोपॅड असतात. यांतले प्रत्येक वाद्य केव्हातरी कोणा माणसाच्या हातून या वाटेला लागले. या वाजंत्र्यांचा इतिहास म्हणजे त्या माणसांच्या स्थलांतरांचा, सोडलेल्या आणि धरलेल्या कामांचा इतिहास आहे.

सर्वांत जुना धागा गोंधळाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘गोंडली’ नावाच्या नृत्याचे वर्णन आहे. तेराव्या शतकात काकतीयांचा सेनापती जायप याने ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. सोमेश्वराने कल्याण येथे भूतमातृ उत्सवात भिल्लिणीच्या वेषातील स्त्रीला नाचताना पाहिले आणि त्यावरून या नृत्याला रूप दिले, असे जायप त्यात सांगतो. या गोंडलीचा आजच्या गोंधळाशी संबंध अभ्यासक जोडतात. तो पूर्णपणे सिद्ध मानला नाही, तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजदरबारी ग्रंथकारांनाही या नृत्याचा उगम डोंगरातल्या जमातीत दिसला होता, आणि सप्तशृंगीच्या परिसरात भिल्ल व कोकणा या जमाती आजही देवीच्या उपासनेत आहेत. गोंधळ्यांची स्वतःची कथा निराळी आहे. परशुरामाने बेटासुराला मारले, त्याच्या शिरापासून वाद्य केले आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केले, तो पहिला गोंधळ, असे ते सांगतात.

गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन मुख्य भेद आहेत. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, तर कदमराई तुळजापूरच्या भवानीचे उपासक. घरात लग्न किंवा मुंज झाली की कुळधर्म म्हणून गोंधळ घालायचा ही मराठी मुलखातील चाल. पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरला जातो, कलश मांडला जातो, दिवटी पेटते. मग नायक एकेका ठाण्याच्या देवीला नाव घेऊन बोलावतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर यांच्याबरोबर सप्तशृंगीलाही हे आवाहन असते. पहिला भाग स्तवनाचा, दुसरा आख्यानाचा, आणि आरतीपर्यंत पहाट होते. फिरता गोंधळी हा त्यामुळे देवस्थानांचा चालता नकाशाच होता. ज्या घरातील माणसे कधी गडावर गेली नव्हती, त्यांच्याही कानावर गडाचे नाव वर्षानुवर्षे पडत राहिले.

वाद्ये मोजकीच. तुणतुण्याच्या पोकळ नळकांड्याला एका तोंडाला कातडे असते आणि बाजूच्या काठीला ताणलेली एकच तार. ती सूरही धरते आणि लयही. झांज जोडीला असते. खरा भार संबळावर. दोन भांडी एकमेकांना बांधून ती वाजवणाऱ्याच्या कमरेला अडकवलेली असतात. एक लहान, चढ्या आवाजाचे. दुसरे मोठे, खर्जाचे. तोंडावरचे कातडे दोरीने ताणून बसवतात आणि दोन काठ्यांनी वाजवतात, त्यांतल्या एकीचे टोक वाकडे असते. उभ्याने, चालताना, नाचताना वाजवता येणारे हे वाद्य आहे. डोंगराच्या यात्रेत ते टिकून राहिले, त्याचे मोठे कारण हेच असावे. ज्याला बसून वाजवायला जागा लागते, ते वाद्य पायऱ्यांवर निरुपयोगी ठरते. खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी 1710 च्या सुमारास गडावरील मंदिराकडे जाणाऱ्या 472 पायऱ्या बांधवल्या, असे जुन्या नाशिक गॅझेटिअरमध्ये नोंदलेले आहे. ती चढण संबळवाला वाजवत चढू शकतो.

संबळ एकट्या गोंधळ्याचे नाही. पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात बोहाड्याची सोंगे निघतात, तेव्हा संबळ आणि पिपाणी हीच जोडी वाजते. याच डोंगराळ मुलखात पावरीही आहे. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे शिंगासारखे तोंड, अशी तिची घडण. मार्गशीर्षात कोकणा आणि भिल्ल वस्त्यांत डोंगऱ्यादेवाचे व्रत चालते, तेव्हा पावरकराला तासन्‌तास वाजवावे लागते. श्वास घेताना सूर तुटता कामा नये, म्हणून गालात हवा साठवून नाकाने श्वास ओढण्याची कला तो लहानपणी शिकतो. पावरीचा जवळचा नातेवाईक म्हणजे पालघरकडचा तारपा. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2022 सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. या वादकांची दखल घ्यायला राष्ट्रीय संस्थांना इतका काळ लागावा, हे मात्र खेदाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात वाजवण्याच्या धंद्यात मोठा बदल झाला तो छावण्यांमुळे. नाशिकजवळ देवळाली ही ब्रिटिशांची मोठी छावणी होती आणि विलायतेला परतणारे गोरे सैनिक तिथे थांबत. पलटणींचे बँड, त्यांचे गणवेश आणि पितळी वाद्ये अशा छावण्यांतून गावांच्या नजरेस पडली. संस्थानिकांनी आपापले बँड उभे केले आणि पाठोपाठ लग्नाच्या वरातीत बँड आला. मेरठच्या नादिर अली आणि कंपनीचा व्यवसाय 1885 मध्ये सुरू झाला. पुढे देशभरच्या बँडवाल्यांची कॉर्नेट, युफोनियम, ट्रम्पेट अशी वाद्ये मेरठहून येऊ लागली. विलायती माल परवडत नसलेल्या तालुक्याच्या गावांतही त्यामुळे बँड पार्ट्या निघाल्या.

या बदलाला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. हलगी, ढोल वाजवणे हे गावगाड्यात खालच्या मानलेल्या जातींवर लादलेले काम होते. बलुत्याच्या चार दाण्यांवर मिरवणुकीपुढे वाजवायचे, पण देवळाच्या पायरीबाहेर थांबायचे. नाशिक जिल्ह्याने या अन्यायाविरुद्धच्या लढ्याची मोठी पर्वे पाहिली. 1930 मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत बौद्ध कुटुंबांनी गावकीची हलगी कायमची खाली ठेवली. ज्या वादकांनी, त्यांत मातंग आणि मुस्लिम पुष्कळ, वाजवणे हाच व्यवसाय धरला, त्यांना बँडने वेगळी जागा दिली. बँडवाल्याला सुपारी दिली जाते, भाव ठरतो, अर्धी रक्कम आधी हातात येते, अंगावर गणवेश असतो आणि वस्तादाला लोक ‘मास्तर’ म्हणतात. हात तेच होते, पण हक्काने बोलावून घेतले जाणारे काम आणि ठरवून मिळणारा रोजगार यांतले अंतर त्या घरांतील लोकांना नीट कळत होते.

त्यानंतरचे वाद्य समुद्रापलीकडून आले. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता याने 1912 मध्ये तैशोगोतो हे तारवाद्य बनवले. टाइपरायटरसारख्या कळा डाव्या हाताने दाबायच्या आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, इतके ते सोपे. स्वस्त आणि शिकायला हलके असलेले हे वाद्य व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर हिंदुस्थानात आले आणि बुलबुलतरंग, बेंजू, बँजो अशा नावांनी फैलावले. महाराष्ट्रात त्याला विजेचा पिकअप आणि ध्वनिवर्धक जोडला गेला आणि गिरणगावाच्या गल्ल्यांत, मग सगळीकडे, ‘बँजो पार्टी’ उभी राहिली. क्लॅरिनेटवर धून बसवायला वर्षे लागत. बँजोवर कान चांगला असलेला पोरगा काही महिन्यांत सिनेमाचे गाणे आणि देवीचे गाणे दोन्ही काढू शके. घराण्याबाहेरच्या मुलांना वाजवण्याच्या धंद्यात शिरता आले ते मुख्यतः या वाद्यामुळे.

बँजोशेजारी वाजणाऱ्या तुंब्याचा प्रवास आणखी लांबचा. उंच पिंपाच्या आकाराचा, हाताने वाजवायचा हा ढोल क्यूबाचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या माणसांच्या वंशजांनी तो घडवला. त्याचा ठेका आधी रुम्बा होऊन जगभर गेला. मुंबईत तो हॉटेलांतील नृत्यवृंदांनी आणला. 1935 मध्ये लिऑन ॲबे या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचा जॅझ वृंद ताजमहाल हॉटेलात वाजला, आणि पुढच्या वर्षांत त्या व्यासपीठांवर गोव्याचे वादक बसले. हे वादक गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकून मुंबईला येत. हळदोण्याचे आंतोनिओ शाव्हिएर वाझ हे त्यांतले ठळक नाव. ट्रम्पेटवादक म्हणून ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले.

हॉटेलातून हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. पुणतांब्याला जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट यांना सहायक म्हणून घेतले आणि 1951 च्या ‘अलबेला’त लॅटिन अमेरिकेचा ठेका मराठी मातीतल्या चालींशेजारी बसवला. बोंगो आणि काँगो (तुंबा) या जातीची वाद्ये हिंदी चित्रपटांत रुळवण्यात पारशी वादक कावस लॉर्ड यांचाही वाटा मोठा होता. त्यांचे मुलगे केरसी आणि बुजी हेही याच धंद्यात नावारूपाला आले. चित्रपटातले गाणे तालुक्याच्या थिएटरात पोचले की बँडवाल्याला दुसऱ्या दिवशी ते वाजवावेच लागे. ठेका जसाच्या तसा उतरवायचा तर ढोलकीला तुंब्याची जोड हवी. अशा रीतीने क्यूबाचा ढोल हळदोणे, कुलाबा, दादर आणि मनमाड करत खानदेशाच्या वरातीत आला. आज तो वणीच्या वाटेवर देवीच्या गाण्याला वाजतो, तेव्हा वाजवणाऱ्याला तो आपल्याच गावचा वाटतो, आणि ते खरेही आहे.

जपानच्या रोलँड कंपनीने 1985 मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला. आठ चौकोनांवर काठ्या मारल्या की ढोल, ताशा, संबळ, डमरू असे हवे ते आवाज निघू लागले. त्याच दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि देवीच्या गाण्यांचा मोठा बाजार तयार झाला, त्यांत अहिराणीतील गाणीही आली. त्यापुढची पायरी म्हणजे बँडची गाडी. टेम्पोवर जनित्र, कर्ण्यांच्या जागी मोठे स्पीकर, पुढे गायक, मागे कीबोर्ड आणि पॅड. दहा-बारा पितळी वाद्यांचा आवाज चार माणसे काढू लागली आणि तेवढ्या वादकांचे काम गेले. यात्रेच्या इतिहासातील हा सर्वांत दुखरा बदल आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालाने रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिवर्धकांवर बंधन आले. उन्हामुळे रात्री चालणाऱ्या दिंड्यांत त्या वेळी पुन्हा टाळ, हलगी आणि संबळ ऐकू येतात. शिवाय यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीत अडवल्या जातात आणि वर एसटीच्या बसने किंवा पायी जावे लागते. गाडीवरचा बँड पायथ्याशीच थांबतो. गडावर पोचते ते खांद्यावर किंवा कमरेला पेलवणारे वाद्य.

गोंधळ्यांपैकी काहींनी दुसरी वाट धरली. परभणीचे राजारामबापू कदम यांनी गोंधळ अंगणातून मंचावर नेला आणि त्यांना गोंधळमहर्षी म्हटले गेले. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाने तो शहरी प्रेक्षकांपुढे ठेवला. ‘जोगवा’ चित्रपटात अजय-अतुल यांनी संबळाला मध्यभागी बसवले आणि त्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंचावर गोंधळ तासाभराचा होतो. आख्यान गळते, संबळाची जुगलबंदी वाढते. रात्रभराच्या विधीतला विस्तार त्यात राहत नाही. पण संबळवादकाला स्वतःच्या नावाने ओळख मिळाली ती इथेच, आणि संबळ शिकायला घराण्याबाहेरची मुले येऊ लागली तीही यानंतर.

नाशिकचा ढोल तर जिल्ह्याबाहेर पडून दक्षिणेत पोचला आहे. केरळमधील उत्सवांत आणि निवडणुकीच्या मिरवणुकांत ‘नाशिक ढोल’ या नावानेच पथके वाजवतात, आणि त्यांत वाजवणारे बहुतेक मल्याळी असतात.

वणीच्या परिसरातील वादकाचे वर्ष आजही देवीच्या आणि लग्नाच्या तिथींवर बेतलेले असते. चैत्र यात्रा आटोपली की ज्येष्ठापर्यंत लग्नसराई. पावसाळ्यात बरेच जण शेतीच्या किंवा द्राक्षबागांच्या मजुरीला जातात. गणपतीत ढोल-ताशा, मग नवरात्रात पुन्हा गड. कोजागरीला नद्यांचे पाणी घेऊन कावडी येतात, तृतीयपंथी भाविकांचीही मिरवणूक निघते, आणि त्या दोन्हींपुढे वाजवणारे लागतात. तुळशीच्या लग्नानंतर पुढच्या वरातींच्या सुपाऱ्या सुरू होतात. एकच माणूस घरच्या गोंधळात संबळ, वरातीत तुंबा आणि गणपतीत ढोल वाजवतो, हे या भागात अगदी नेहमीचे आहे.