शुहूर सन : मराठी कागदांतील अरबी वर्षगणना

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली, तो दिवस पंचांगाप्रमाणे शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमीचा. हिजरी सन ११७४ चालू होता, राज्याभिषेक शक ८७, दख्खनी फसली ११७०. पेशव्यांच्या दफ्तरातील कारकून मात्र त्या सालाला ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणे. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : शुहूर सन ११६१.

हिजरी ११७४ आणि शुहूर ११६१ यांतील तेरा वर्षांचे अंतर ही या सनाच्या जन्माची खूण होय. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. ते ऋतूंशी जुळत नाही आणि सारा तर पिकावर वसूल व्हायचा. म्हणून हिजरी ७४५ च्या, म्हणजे इ. स. १३४४ च्या सुमारास दख्खनमध्ये वर्षाचा आकडा तोच ठेवून त्याची लांबी सौर करण्यात आली. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवे साल. ‘मृगसाल’ हे नाव त्यावरूनच पडले. तेव्हापासून १७६० पर्यंत सौर वर्षे ४१६ भरली, चांद्र वर्षे ४२९. शाहजहानच्या काळी, १६३६ च्या सुमारास, हीच युक्ती योजून दख्खनी फसली सन नव्याने बांधला गेला. तोवर शुहूर सन हिजरीच्या नऊ वर्षे मागे पडला होता. दोन्ही सने मृगाचीच असूनही त्यांत नऊ वर्षांचे अंतर कायम राहिले, ते यामुळे.

१६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला. राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही शुहूर सन हटला नाही, आणि त्याचे अरबी संख्याशब्दही मराठी कागदांत तसेच राहिले. भाषाशुद्धीची चर्चा करताना याकडे सहसा दुर्लक्ष होते. एकक आधी आणि सहस्र शेवटी हा क्रम संस्कृतातील शब्दांकांच्या रीतीशी जुळतो. मोडी लिहिणाऱ्या ब्राह्मण कारकुनाला तो परका वाटला नसावा.

अभ्यासकाची खरी अडचण वेगळीच आहे. पत्रावरचा दिवस आणि महिना हिजरी असतो (‘छ’ म्हणजे चंद्र), साल शुहूर. सौर साल अकरा दिवसांनी मोठे असल्याने त्याच्या आरंभीच्या अकरा दिवसांतील चंद्रतारीख साल सरताना पुन्हा येते. एकच मिती, एकच साल, आणि मध्ये जवळजवळ वर्षाचे अंतर! कित्येक पत्रांवर तर सालच नसते. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून संपादकांना अशा कागदांचे साल मजकुरातील छावणी, माणसे आणि पाऊसपाणी पाहून ठरवावे लागले आहे. पत्रात वार लिहिलेला असेल तर दुहेरी मितीचा प्रश्न लगेच सुटतो, कारण ३५४ दिवसांनी येणारी तीच तारीख त्याच वारी पडत नाही.