पानिपतावर तुमच्याकडून कोण गेलं होतं?

हेडफोन लोकलमध्ये विसरलेल्यांसाठी या भागाचं लेखी रूप. (ऑडिओत मध्येच घरघर येते ती आमच्या गोरेगावच्या शेजाऱ्यांच्या मिक्सरची. एडिट करून निघाली नाही, सॉरी.)

आमच्या टीममध्ये कर्नालचा एक मुलगा आहे. संक्रांतीला मी त्याला तिळगूळ दिला तेव्हा त्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. पानिपतजवळचा काळा आंब, भगवे फेटे, आणि हरियाणवी आवाजात ‘जय भवानी’. मला म्हणाला, "आज हमारा शौर्य दिवस है. हम रोड मराठा हैं." आणि मग, "तुम्हारे घर से कौन गया था पानीपत?"

मी गप्प. आजी सांगायची, "आपल्यातला एक गेला होता पानिपतावर, तो आलाच नाही." पण नाव? तिलाही माहीत नव्हतं.

लढाई आपल्याला पाठ आहे. १४ जानेवारी १७६१, सदाशिवरावभाऊ विरुद्ध अब्दाली. उधार मागणाऱ्याला आपण अजून सांगतो, विश्वास पानिपतात गेला. (लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं सगळे म्हणतात, पण तेव्हा संक्रांत काही दिवस आधी यायची. स्वामी विवेकानंद १८६३ मध्ये संक्रांतीला जन्मले, ती तारीख १२ जानेवारी. १७६१ म्हणजे त्याच्याही शंभर वर्षं मागे. करा हिशोब.) अडीच महिने दोन्ही छावण्या समोरासमोर बसलेल्या, मराठ्यांची रसद तुटलेली, सोबत यात्रेकरू आणि बायकापोरं. पुढचं सांगत नाही, त्यावर वेगळे तीन भाग होतील.

आज काळा आंब इथे दर १४ जानेवारीला मेळावा भरतो. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक जातात, २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही गेले होते. आणि यजमान असतात हे रोड. कर्नाल, कैथल, कुरुक्षेत्र, पानिपत भागातला शेतकरी समाज. त्यांचं म्हणणं असं, की लढाईतून वाचलेले मराठे तिथल्या जंगलात लपले, ओळख लपवून राहिले, त्यांचे आम्ही वंशज. कोल्हापूरचे वसंतराव मोरे यांनी यावर संशोधन केलं, पुस्तक लिहिलं. तिकडे बलुचिस्तानात बुगटी मराठे आहेत, त्यांचीही कहाणी पानिपतच्या कैद्यांपासून सुरू होते.

मी इंजिनियर आहे, गोष्ट आवडली की सोर्स शोधायची खोड आहे. १८८१ च्या जनगणनेवर लिहिताना डेन्झिल इबेटसनने रोडांच्या मूळ गावाच्या परंपरा नोंदवल्या आहेत. त्यात झज्जरकडचं बादली येतं, मुरादाबादकडचं संभल येतं. दख्खन नाही. २०१८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स’मध्ये जाट, गुज्जर, कंबोज आणि रोड यांच्या डीएनएवर पेपर आला. त्यात रोडांचं नातं ठळकपणे वायव्येकडचं निघालं, दक्षिणेकडचं नाही. अडीचशे वर्षांपूर्वी अख्खा समाज महाराष्ट्रातून आला असता तर असा निकाल आला नसता.

आता हा पेपर मित्राला पाठवू की नको? आठवडाभर लिंक कॉपी करून ठेवली होती.

मग म्हटलं, आधी आपलं घर तपासू. आजोबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो तेव्हा उपाध्यायांनी चोपडी उघडली होती, त्याचा फोटो माझ्याकडे होता. आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील, अजून दोन नावं, आणि पुढे संपलं. पानिपत किमान नऊ-दहा पिढ्या मागे. दहा पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १०२४ जागा होतात. मला सगळी मिळून चोपडीतली पाचच नावं ठाऊक. मित्राला कुठल्या तोंडाने प्रूफ मागू?

आणि दुसरी गोष्ट मला उशिरा सुचली. लढाईत मेलेल्या कितीतरी जणांना वंशज असणंच शक्य नाही. विश्वासराव अठरा वर्षांचा होता. जनकोजी शिंदेही पोरसवदाच. मेळाव्यात जमतात ते बहुतेक परत आलेल्यांचे वंशज, किंवा मेलेल्यांच्या भावांचे. शिंद्यांचंच बघा. महादजी पायाला जखम घेऊन वाचला, राणेखानाने त्याला बाहेर काढलं. त्याला मुलगा नव्हता, म्हणून पानिपतावर पडलेल्या तुकोजीचा नातू दौलतराव त्याच्या गादीवर आला. दौलतरावालाही मुलगा नव्हता, मग पुन्हा दत्तक. रक्ताची रेघ तुटली तरी कोणी त्यांना ‘तुम्ही शिंदे कसले’ असं विचारत नाही. आपल्याकडे दत्तक घेतलेला पिंडदान करू शकतो. मग रोडांनी मेलेल्यांनाच दत्तक घेतलं असेल तर? हे माझं मत, इतिहास नाही. पेपर मात्र खरा आहे, तो लपवायचा नाही.

मला खरी खटकते ती दुसरीच गोष्ट. व्यासपीठावर ओळख करून दिली जाते ती सरदार घराण्यांची. साधा बारगीर, खोगीर कसणारा, तोफेचा बैल हाकणारा, यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ४९ नावं कोरली आहेत, त्यातली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि आज लाखो लोक जातात. त्यांच्याकडे कोणी वंशावळ मागत नाही. पण नावं आहेत ना, ती वाचता येतात.

पानिपतची नावं बहुधा दगडावर नाही, कागदात सापडतील. लढाईत पडलेल्याच्या पोरांना पोटासाठी जमीन किंवा रोख नेमणूक द्यायची पद्धत होती, तिला बालपरवेशी म्हणत. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद मोडीत पडून आहेत. तिथे एखाद्या पोराचं नाव आणि शेजारी बापाचं नाव मिळालं, तर तो आपल्याला सापडलेला एक शिपाई. मोडी येत असलेली माणसं मोजकी, आणि आम्ही डेटाबेसवाले दिवसभर दुकानांची बिलं जुळवतो.

शेवटी लिंक पाठवली. दोन निळ्या टिक आल्या, दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, संपली मैत्री. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताट घेऊन समोर बसला. "पढ़ लिया. दादाजी को नहीं दिखाऊंगा." थोडं जेवला. मग म्हणाला, "तेरी दादी वाला आदमी, उसका नाम मिला?"

नाही मिळालं. पण मी मोडीच्या वर्गात नाव घातलंय, रविवारी सकाळी, दादरला. ‘अ’ आणि ‘आ’ जमतात, बाकी अजून जिलबी आहे. तुमच्या घरी पत्र्याच्या पेटीत मोडी कागद असतील तर ते रद्दीत देऊ नका. उजेडात फोटो काढा, चारही कोपरे येतील असे, आणि मला पाठवा. वाचता येतील तसे वाचू.