लेक्सस एलएस ४००

लेक्सस एलएस ४०० : जपानच्या टोयोटा कंपनीने १९८९ ते २००० या काळात बनविलेली मोठी आरामदायी मोटारगाडी. हिच्यात व्ही-८ एंजिन असून शक्ती मागील चाकांना दिली जाते. जपानमध्ये ती टोयोटा सेल्सिअर या नावाने विकली जाई. आरामदायी गाड्या पुष्कळ झाल्या. या गाडीची स्वतंत्र नोंद घ्यावयाची ती अशासाठी की, आवाज व कंप टाळण्याकरिता तिच्या रचनेत जी काटेकोरी पाळली गेली, तीच पुढे तिच्या असामान्य टिकाऊपणाचे कारण ठरली. त्यामुळे तिचा खरा लाभ पहिल्या मालकापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला अधिक झाला.

अमेरिकेच्या दडपणामुळे १९८१ मध्ये जपानने तेथे निर्यात होणाऱ्या मोटारगाड्यांची संख्या स्वतःहून वर्षाला १६·८ लाखांवर मर्यादित केली. संख्या वाढविणे शक्य नसल्याने प्रत्येक गाडीचे मोल वाढविण्याकडे जपानी कारखानदार वळले. होंडाने १९८६ मध्ये ॲक्युरा व निसानने १९८९ मध्ये इन्फिनिटी ही नवी नावे याच हेतूने बाजारात आणली. टोयोटाचे अध्यक्ष एजी टोयोडा यांनी ऑगस्ट १९८३ मध्ये जगातील उत्तमोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी बनविण्याचा प्रश्न आपल्या सहकाऱ्यांपुढे ठेवला. ‘एफ-१’ या गुप्त नावाने सुरू झालेल्या या कामाचे प्रमुख अभियंते इचिरो सुझुकी हे होते (आडनावामुळे गैरसमज होण्याचा संभव आहे, ते टोयोटाचेच अभियंते होत). या कामावर सु. १,४०० अभियंते व २,३०० तंत्रज्ञ होते, सु. ४५० नमुना-गाड्या तयार करण्यात आल्या व एकूण खर्च १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त झाला.

सुझुकी यांनी घातलेल्या अटी परस्परविरोधी होत्या. गाडीने ताशी २५० किमी. वेग गाठावा, पण आत शांतता असावी. ती प्रशस्त असावी, पण इंधन कमी लागावे. अमेरिकेत दर गॅलनला २२·५ मैलांपेक्षा (दर लिटरला सु. ९·६ किमी.) कमी अंतर कापणाऱ्या गाड्यांवर जादा कर होता व तो टाळावयाचा होता. आवाज अडविण्याची रूढ रीत म्हणजे रबर, नमदा, डांबरी थर यांची भर घालणे. पण तीमुळे वजन वाढते व वजनाबरोबर इंधनही. म्हणून आवाज उगमापाशीच नाहीसा करावयाचा, असे सुझुकी यांनी ठरविले. या एका निर्णयात गाडीची पुढील सर्व अभियांत्रिकी सामावलेली आहे.

एंजिन (१यूझेड-एफई) ३,९६९ घ. सेंमी. क्षमतेचे, सर्वस्वी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचे, चार कॅमदंड व ३२ झडपा असलेले होते. ते दर मिनिटाला ५,६०० फेऱ्यांना २५० अश्वशक्ती देई. फिरणाऱ्या व पुढे-मागे सरकणाऱ्या भागांचे वजन आणि मापे यांतील फरक जितका अल्प तितका कंप कमी. म्हणून भुजादंड, संयोगदांडे व दट्टे यांना नेहमीपेक्षा फारच बारीक मर्यादा ठरवून देण्यात आल्या. उत्पादन विभागाने प्रथम हे अशक्य म्हटले, तेव्हा निदान एक एंजिन तरी असे करून पाहावे अशी विनंती सुझुकी यांनी केल्याचे सांगतात. अशा बारीक मर्यादांत बसविलेल्या भागांची झीजही मंद होते. एंजिन, दंतचक्रपेटी व मागील विभेदी दंतचक्र जवळजवळ एका रेषेत ठेवल्याने त्यांना जोडणाऱ्या दंडाचा हिसका नाहीसा झाला. दंतचक्र बदलण्याच्या क्षणी एंजिनाचा जोर किंचित उतरविण्याचे काम इलेक्ट्रॉनीय नियंत्रक करी. हवेच्या विरोधाचा गुणांक सु. ०·२९ इतका कमी होता. बाह्यरूप मात्र जर्मन गाड्यांच्या वळणाचे होते, ही टीका अयोग्य म्हणता येत नाही.

जानेवारी १९८९ मध्ये डिट्रॉइट येथे गाडी प्रदर्शित झाली व सप्टेंबरमध्ये सु. ३५,००० डॉलरला विकली जाऊ लागली. बरोबरीच्या जर्मन गाड्यांची किंमत पुष्कळच जास्त होती. डिसेंबरमध्ये विजेच्या तारांची जोडणी व जादा तापणारा मागील दिवा यांविषयी मोजक्या तक्रारी येताच विकलेल्या सु. ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत घेण्यात आल्या. मालकांच्या घरून गाड्या नेऊन हे काम २० दिवसांत पुरे केले गेले. १९९४ च्या अखेरीस दुसरी आवृत्ती निघाली. १९९७ मध्ये झडपांची उघडझाप वेगानुसार बदलणारी यंत्रणा व पाच वेगांची दंतचक्रपेटी आल्यावर शक्ती २९० अश्वशक्तीपर्यंत गेली.

जुन्या गाडीत प्रथम बिघडते ते एंजिन नव्हे. सुरुवातीच्या आवृत्तीतील नियंत्रकाची धारित्रे कालांतराने पाझरतात व द्रवस्फटिकी दर्शक काळे पडतात. सुकाणूला साहाय्य करणाऱ्या पंपातून गळणारे तेल थेट खालच्या विद्युत् जनित्रावर ठिबकते; ही मांडणी दूरदृष्टीची नव्हती. प्रारंभक मोटर तर एंजिनाच्या दोन ओळींमधील घळीत असल्यामुळे ती बदलावयाची तर वरची अंतर्ग्रहण नळी काढावी लागते. कॅमदंड फिरविणारा दातेरी पट्टाही ठराविक अंतरानंतर बदलावा लागतो. १९९७ नंतरच्या एंजिनांत तो तुटल्यास झडपा व दट्टे एकमेकांवर आदळतात. म्हणून अशी गाडी घेणारा जाणकार किती किमी. झाले हे विचारण्याआधी पट्टा केव्हा बदलला हे विचारतो. अमेरिकेत १९९६ सालच्या एका गाडीने २०१७ मध्ये १० लाख मैल (सु. १६ लाख किमी.) पुरे केले, तिच्या अंतरमापकाला सहाच अंक असल्याने तो ९,९९,९९९ वर थांबला.