डॉक्टर गेले, मुले उरली

आमच्या पिढीत डॉक्टर म्हणजे घरचेच माणूस. आजोबांचा दमा, धाकट्याचा गोवर, सारे त्यांना तोंडपाठ. असे डॉक्टर गेले की पंचक्रोशी पोरकी होते. सीरियातील अलेप्पोच्या डॉ. मोहम्मद वसीम मआझ यांच्याविषयी वाचले तेव्हा हेच मनात आले.

शहर तेव्हा दुभंगलेले होते. पूर्व भाग बंडखोरांकडे. तिथे उरलेल्या मोजक्या बालरोगतज्ज्ञांपैकी ते एक. दिवसा मुलांच्या रुग्णालयात काम, रात्री अल-कुद्स रुग्णालयात तातडीचे रुग्ण. घरचे तुर्कस्तानात, त्यांना भेटायला जायचे ठरत होते. २७ एप्रिल २०१६ च्या रात्री अल-कुद्सवर हवाई हल्ला झाला. ५५ माणसे गेली, त्यांत हे डॉक्टरही.

वर्गात मी जिनिव्हा करार शिकवीत असे. पहिला १८६४ चा. १९४९ च्या चौथ्या करारातील १८ वे कलम सांगते, की नागरी रुग्णालयांवर कधीही हल्ला करू नये. मुले ते पाठ करीत, गुण मिळवीत.

डॉक्टर गेल्यावर सहाव्या दिवशी, ३ मे रोजी, सुरक्षा परिषदेने अशा हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव क्रमांक २२८६ एकमताने संमत केला. त्याच दिवशी अलेप्पोच्या सरकारी ताब्यातील भागात बाळंतपणाच्या रुग्णालयावर रॉकेट पडले. म्हणजे दोन्हीकडच्या आया सारख्याच!

वाचकहो, दुसऱ्या दिवशी तापाने फणफणलेले मूल घेऊन जी आई आली असेल, तिने कोणाचे दार ठोठवायचे? ते मूल दगावले, तर त्या ५५ मध्ये त्याला कोण धरणार?