टॅमॉक्सिफेन, इस्ट्रोजेन ग्राही आणि संगणक : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

स्तनांच्या कर्करोगावरील लघुरेणू औषधांच्या संगणकीय शोधाचा इतिहास बहुधा उलट्या क्रमाने मांडला जातो. आधी ग्राही प्रथिनाची रचना आणि मग तिच्यात बसणारा रेणू, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः या रोगावरील सर्वाधिक परिचित औषध रचनेच्या पस्तीस वर्षे आधीच हाती आले होते.

इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये टॅमॉक्सिफेन तयार केले, ते संततिनियमनाच्या हेतूने. उंदरांमध्ये गर्भधारणा टळली. स्त्रियांमध्ये मात्र बीजोत्सर्गास चालनाच मिळाली. हा फसलेला रेणू पुढे मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयात प्रगत स्तनकर्करोगाच्या ४६ रुग्णांना देण्यात आला व १९७१ च्या अहवालानुसार त्यांपैकी १० जणींना गुण आला. अमेरिकेत त्यास १९७७ मध्ये मान्यता मिळाली. या वाटचालीत संगणकाचा वाटा नव्हता.

१९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्विन कुंट्झ व सहकाऱ्यांनी ‘डॉक’ ही पद्धती मांडली. प्रथिनातील पोकळी आणि रेणू यांचे आकार कुलूप-किल्लीप्रमाणे जुळवून पाहणे, हे तिचे कार्य. दोन्ही ताठ, न वाकणारे असे गृहीत धरले होते. तत्कालीन संगणकांची क्षमता पाहता ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

या गृहीतकाची उणीव इस्ट्रोजेन ग्राहीनेच उघड केली. १९९७ व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनांत असे आढळले की, इस्ट्रॅडिऑल आत येताच ग्राहीचे बारावे सर्पिल झाकणासारखे पोकळीवर बसते. टॅमॉक्सिफेनच्या सक्रिय रूपाची लांब बाजूशाखा मात्र पोकळीबाहेर डोकावते. झाकण बसत नाही, ते सरकून सहायक प्रथिनाची जागा अडविते आणि जनुकांना मिळणारा संदेश थांबतो. म्हणजे किल्लीमुळे कुलपाचाच आकार बदलतो! १९९८ ची ही रचना ‘३ईआरटी’ या क्रमांकाने प्रथिनांच्या जागतिक संग्रहात आहे. भारतीय महाविद्यालयांतील कितीतरी शोधनिबंध वनस्पतिजन्य रेणू तिच्याशी जुळवून पाहतात आणि गुणांक चांगला येताच ‘संभाव्य औषध’ असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. तो गुणांक झाकण सरकलेल्या एकाच स्थितीचा असतो. रेणू ते झाकण स्वतः सरकवील काय, याचे उत्तर त्यात नसते.

रुग्णांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१३ मध्ये संप्रेरकविरोधी उपचारांना दाद न देणाऱ्या गाठींत ग्राहीच्या ५३७ व ५३८ या स्थानांवरील उत्परिवर्तने नोंदविली गेली. ही स्थाने त्याच झाकणाच्या आरंभाशी आहेत. तेथील बदलामुळे संप्रेरक नसतानाही झाकण बंद राहू लागते. ग्राहीतील अशी उत्परिवर्तने असलेल्या प्रगत रोगासाठी इलासेस्ट्रंट या तोंडावाटे घ्यावयाच्या औषधास अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली.