तोट्यातलं घर आणि म्हातारपणाची सोय: ऑस्ट्रेलियाची चाळीस वर्षांची गोष्ट

आजचा भाग पैशांचा आहे, पण टिप्सचा नाही. आज इतिहास बघायचाय.

"दुसरा फ्लॅट घेऊन टाक, हप्ता भाड्यातून निघेल, टॅक्स वाचेल आणि रिटायर झाल्यावर तीच पेन्शन." नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली की हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. एका अख्ख्या देशाने ही आयडिया मोठ्या प्रमाणावर करून बघितली आहे. तो देश ऑस्ट्रेलिया. मेलबर्न-सिडनीला गेलेल्या आपल्या आयटीवाल्या मित्रांना विचारा. तिथे बार्बेक्यूला जमलेली माणसं क्रिकेटनंतर याच विषयावर येतात.

निगेटिव्ह गिअरिंग म्हणजे काय रे भाऊ?

गिअरिंग म्हणजे कर्ज काढून गुंतवणूक करणं. भाडं कमी आणि व्याज-खर्च जास्त असला, की ते निगेटिव्ह. हा तोटा पगारातून वजा करायचा आणि उरलेल्या रकमेवर टॅक्स भरायचा. याची मुळं जुन्या आयकर कायद्यात आहेत. १९३६ च्या कायद्याचं तत्त्व सरळ होतं: उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च वजा होतो. घरासाठी वेगळी सवलत कुणी बसून बनवली नव्हती.

आकडे सोपे घेऊ. वर्षाचं भाडं २५ हजार डॉलर, व्याज ३० हजार, दुरुस्ती आणि बाकी खर्च ५ हजार. तोटा १० हजार. तुमच्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३७ टक्के टॅक्स लागत असेल, तर ३,७०० डॉलर वाचले. आता उरलेल्या ६,३०० कडे बघा. ते तुमच्या खिशातूनच गेलेत. दरवर्षी. म्हणजे टॅक्स वाचला, कारण आधी तोटा झाला. मग माणसं हे का करतात? कारण उद्या घराची किंमत वाढेल आणि सगळं वसूल होईल, हा भरवसा. आपली गोष्ट या भरवशाचीच आहे.

१९८५: दोन वर्षांचा ब्रेक

१९८५ मध्ये बॉब हॉक पंतप्रधान होते आणि पॉल कीटिंग अर्थमंत्री. सरकारने ठरवलं की जुलै १९८५ नंतर घेतलेल्या घराचा तोटा फक्त भाड्याच्या उत्पन्नातूनच वजा होईल, पगारातून नाही. उरला तर पुढच्या वर्षी न्या. त्याच वर्षी २० सप्टेंबरपासून कॅपिटल गेन्स टॅक्स आला, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावर कर.

घरमालकांच्या संघटना खवळल्या. गुंतवणूकदार पळतील, भाडी भडकतील, असा ओरडा झाला. सिडनी आणि पर्थमध्ये भाडी खरंच जोरात वाढली. पण नियम देशभर एकच होता आणि बाकीच्या मोठ्या शहरांत तसं चित्र दिसलं नाही. सिडनी-पर्थमध्ये रिकामी घरंच आधीपासून कमी होती. शिवाय व्याजदर चढे होते. तरी सप्टेंबर १९८७ मध्ये सरकारने माघार घेतली आणि जुना नियम परत आणला.

तेव्हापासून "एकदा बंद केलं होतं, भाडी वाढली" हे वाक्य तिथल्या राजकारणात ब्रह्मवाक्य होऊन बसलं. दोन शहरांची गोष्ट सगळ्या देशाची म्हणून चालली.

१९९९: खरा टर्बो

१९९९ पर्यंत कॅपिटल गेन्समधून महागाईचा भाग वगळून बाकीच्यावर कर लागायचा. जॉन हॉवर्ड सरकारने ते बदललं. वर्षभराहून जास्त काळ मालमत्ता ठेवली, तर अर्धाच नफा करपात्र.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवा. तोटा पूर्ण वजा होतो, नफा अर्धाच मोजतात. जरा डोकं चालवणारा कुणीही म्हणेल, मग चालू उत्पन्नात तोटा दाखवू आणि विकताना कमवू! झालंही तसंच. २००० नंतरच्या बहुतेक वर्षांत देशातल्या सगळ्या भाड्याच्या घरांचा हिशोब एकत्र केला, तर बेरीज तोट्यात होती. तोटा हीच स्ट्रॅटेजी झाली.

मग कर्ज पेन्शनच्या पैशात शिरलं

इथे दुसरा धागा जोडायला हवा. ऑस्ट्रेलियात १९९२ पासून सक्तीची निवृत्ती-बचत आहे. तिला सुपरॲन्युएशन, बोलताना नुसतं 'सुपर' म्हणतात. आपल्या पीएफचा चुलत भाऊच, फक्त पैसे मालक भरतो. सुरुवात पगाराच्या ३-४ टक्क्यांपासून झाली, २००२ मध्ये ते ९ टक्के झालं आणि जुलै २०२५ पासून १२.

ज्यांना स्वतः कारभार बघायचाय, ते घरच्या मोजक्या माणसांचा छोटा फंड काढू शकतात. सभासद तेच, विश्वस्तही तेच. या फंडांना कर्ज काढायला जवळपास बंदी होती. निवृत्तीचा पैसा जुगारात जाऊ नये, हा साधा विचार. २००७ मध्ये त्या भिंतीला एक दार पाडलं गेलं. फंड कर्ज काढून घर घेऊ शकतो, पण हप्ते थकले तर बँकेने फक्त तेवढंच घर घ्यायचं, फंडाच्या बाकी पैशाला हात लावायचा नाही.

टॅक्सचं गणित इथे उलटं होतं. फंडाला कर १५ टक्केच, त्यामुळे १० हजारांच्या तोट्यावर जेमतेम १,५०० वाचतात. खरा फायदा शेवटी. निवृत्त होऊन फंड पेन्शन द्यायला लागला, की ठरावीक मर्यादेपर्यंत त्यावर कर शून्य. तेव्हा घर विकलं तर नफाही करमुक्त. मात्र राहायचं घर असेल, तर त्यात तुम्ही स्वतः राहू शकत नाही, भाच्याला भाड्याने देऊ शकत नाही, सुट्टीत दोन दिवस जाऊनही चालत नाही.

२०१४ मध्ये डेव्हिड मरे यांच्या समितीने सांगितलं, हे दार परत बंद करा. एक कारण फार शिकण्यासारखं आहे. कायदा म्हणतो बँकेने फक्त घर घ्यावं, पण बँका सभासदांकडून वैयक्तिक हमी लिहून घेत होत्या. म्हणजे संरक्षण कागदावर. सरकारने शिफारस मानली नाही. २०१८ मध्ये काही मोठ्या बँकांनीच हे कर्ज देणं थांबवलं.

विरोधातल्या लेबर पक्षाने २०१६ आणि २०१९ च्या निवडणुका सवलती कमी करण्याच्या वचनावर लढवल्या. दोन्ही हरले. २०२१ मध्ये त्यांनी तो मुद्दाच सोडला. ज्या देशात लाखो मतदारांचं म्हातारपण घराच्या किमतीवर उभं आहे, तिथे किंमत थोपवायचं बोलणार कोण? आणि ज्या तरुणांना पहिलं घर घ्यायचंय, त्यांची लिलावात गाठ पडते ती याच गुंतवणूकदारांशी.

आपल्याकडे काय?

भारतात भाड्याने दिलेल्या घराचं व्याज कितीही असलं, तरी तोटा पगारातून वजा व्हायचा. २०१७ च्या वित्त कायद्याने त्यावर वर्षाला २ लाखांची मर्यादा घातली. उरलेला तोटा पुढची ८ वर्षं, पण फक्त घराच्याच उत्पन्नातून. नव्या करप्रणालीत तर पगारातून काहीच वजा होत नाही. कीटिंगनी १९८५ मध्ये जे केलं, त्याच जातीचं हे पाऊल. आपल्याकडे त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही, इतकंच.

म्हणून "टॅक्स वाचेल" हे वाक्य पुढच्या वेळी ऐकलंत, तर तीन प्रश्न विचारा. तोटा किती होतोय? तो भरून यायला किंमत किती वाढावी लागेल? आणि आपण तिशीत सही करतोय तो नियम साठीपर्यंत तसाच राहील का? ऑस्ट्रेलियात १९८५ ते २००७ या बावीस वर्षांत मोठे नियम चार वेळा बदलले. गृहकर्ज वीस वर्षांचं असतं.

तुमच्या घरी ही चर्चा चालू असेल, तर हा भाग आई-बाबांनाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात!